उकुलेले, कोरडी हवा आणि वाद्याची पेटी : जतनाच्या इतिहासातील एक प्रकरण

वाद्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः तीन गोष्टींकडे जाते : वाद्याचे रूप, त्याचा नाद आणि ते वाजविणारे कलावंत. वाद्य वाजत नसते तेव्हा ते कोठे व कशा हवेत ठेवले जाते, हा प्रश्न बहुधा घरगुती काळजीचा म्हणून बाजूला सारला जातो. वास्तविक लाकडी वाद्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग पेटीतच जातो. आणि पुढील पिढ्यांच्या हाती ते कोणत्या अवस्थेत पडेल, हे वादनापेक्षा या विश्रांतीच्या काळावर अधिक अवलंबून असते. उकुलेले या हवाई बेटांतील लहानशा चौतारी वाद्याचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. हे वाद्य अवघ्या काही वर्षांत सागरी हवेतून खंडीय हवेत गेले, आणि या स्थलांतराचे परिणाम त्याच्या लाकडावर उमटले. ते परिणाम कोणते, ते कशामुळे घडले आणि त्यांवरील उपायांतून पेटीचे स्वरूप कसे पालटत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. सागरी वातावरणातील जन्म

'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज मादेरा बेटावरील चारशेंहून अधिक स्थलांतरितांना घेऊन २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलू बंदरास लागले. उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी आलेल्या या लोकांत मानुएल नुनेश, आगुश्तु दियश आणि जुझे दु एश्पिरितु सांतु हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. स्थलांतरितांनी आपल्याबरोबर 'माशेत' अथवा 'ब्रागिन्या' नावाचे चार तारांचे लहान वाद्य आणले होते. जहाज लागल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या रात्रीच्या रस्त्यावरील गाण्याबजावण्याची दखल स्थानिक वृत्तपत्राने घेतली. मळ्यावरील कराराची मुदत संपल्यावर या तिघा कारागिरांनी होनोलुलूत वाद्ये बनविण्याचा व्यवसाय आरंभिला. माशेताचा आकार आणि 'राजांव' या पाच तारांच्या मादेरी वाद्याची स्वरजुळणी यांच्या संयोगातून उकुलेले सिद्ध झाले, असे सामान्यतः मानले जाते. राजा कालाकौआ (कारकीर्द १८७४ ते १८९१) याने या वाद्यास आश्रय दिला. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवात हुला नृत्याच्या साथीला उकुलेले वाजले, आणि परदेशी वाद्याच्या या वंशजाला हवाईच्या राष्ट्रीय वाद्याची प्रतिष्ठा लाभली.

वाद्यासाठी लाकूड निवडले गेले ते कोआ वृक्षाचे. हा वृक्ष हवाई बेटांखेरीज अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. वनस्पतिशास्त्रात त्याची गणना 'अकेशिया' प्रजातीत होते. आपल्याकडील बाभूळही दीर्घकाळ याच प्रजातीत गणली जात असे. कारागिरांनी कोआच्या पातळ फळ्या काढून वाद्य शक्य तितके हलके केले. या हलकेपणामुळेच त्याचा नाद चटकन उमटतो.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. उकुलेलेचे पूर्वज पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्याकडील दमट प्रदेशात आणि मादेरा बेटावर वाढले. खुद्द उकुलेले पॅसिफिक महासागरातील बेटांवर जन्मले. होनोलुलूच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता वर्षभर सरासरीने साठ ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान राहते. थंडीसाठी घरे तापविण्याची तेथे आवश्यकताच नसते. अशा रीतीने या वाद्याची संपूर्ण घडण, म्हणजे फळ्यांची जाडी, आतील आधारपट्ट्या आणि सरसाचे सांधे, समशीतोष्ण सागरी हवेत निश्चित झाली. पेटीत ओलावा राखण्याचा प्रश्न तेथे उद्भवण्याचे कारण नव्हते.

२. खंडीय हवेत प्रवेश

१८९८ मध्ये हवाई बेटे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत समाविष्ट झाली. तथापि उकुलेलेचा मुख्य भूमीवर व्यापक प्रसार झाला तो १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनामुळे. प्रदर्शनातील हवाई दालनात नित्य होणाऱ्या वादनाने लक्षावधी प्रेक्षकांना या वाद्याची ओळख झाली. याच प्रदर्शनात होनोलुलूचे निर्माते जोना कुमालाए यांच्या वाद्यांना सुवर्ण पारितोषिक मिळाले. मागणी इतकी वाढली की मुख्य भूमीवरील गिटार-निर्मात्यांनीही उकुलेले बनविण्यास प्रारंभ केला. पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथील मार्टिन या जुन्या संस्थेने १९०७ च्या सुमारास काही नमुने करून पाहिले होते. पण स्प्रूसच्या फळीची आणि गिटारप्रमाणे भरपूर आधारपट्ट्यांची ती वाद्ये जड वाजत. १९१६ पासून मात्र तिने महोगनीची हलकी उकुलेले बाजारात आणली व त्यांत तिला मोठे यश मिळाले. होनोलुलूतही १९१६ मध्ये सॅम्युएल कामाका यांचा व्यवसाय सुरू झाला. मुख्य भूमीवरील नकलांपासून संरक्षण मिळावे म्हणून हवाईतील निर्माते आपल्या वाद्यांवर 'टाबू' ही मुद्रा उमटवू लागले. वाद्य हवाईत बनले असल्याची ती खूण होती.

ही मुद्रा वाद्याच्या जन्मस्थानाची ग्वाही देत होती. पण ज्या हवेत ते पुढे नांदणार होते त्या हवेविषयी ती काही सांगू शकत नव्हती. शिकागो, न्यूयॉर्क किंवा मिनिआपोलिस येथील हिवाळा आणि त्या काळात अमेरिकन घरांत झपाट्याने पसरत असलेली वाफेची व गरम पाण्याची तापनव्यवस्था यांच्याशी या वाद्याची गाठ प्रथमच पडत होती.

तापविलेले घर कोरडे का होते, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हवेत सामावू शकणाऱ्या बाष्पाचे प्रमाण तापमानानुसार बदलते. शून्य अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत अधिकाधिक ४.८ ग्रॅम बाष्प राहू शकते. उणे १० अंशांना सुमारे २.४ ग्रॅम, तर २१ अंशांना १८.३ ग्रॅम. बाहेरची शून्य अंशाची बाष्पसंपृक्त हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली, की तिच्यातील बाष्प तेवढेच राहते; धारणशक्ती मात्र जवळजवळ चौपट होते. परिणामी सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. बाहेरचे तापमान उणे १० अंश असेल तर ती बारा टक्क्यांच्या घरात जाते. बाहेर हिम पडत असताना घरातील हवा वाळवंटासारखी शुष्क असते, या वरवर विसंगत वाटणाऱ्या स्थितीचे कारण हे होय.

३. लाकडाचा स्वभाव

लाकूड तोडून मुरविले तरी हवेशी होणारी त्याची ओलाव्याची देवघेव थांबत नाही. प्रत्येक आर्द्रतेस लाकडातील ओलाव्याचे एक समतोल प्रमाण असते. २१ अंश तापमानास सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १२ टक्के ओलावा राहतो. ५० टक्क्यांस तो ९.२, ४० टक्क्यांस ७.७, आणि २० टक्क्यांस केवळ ४.५ टक्के उरतो. विस्कॉन्सिन संस्थानातील मॅडिसन येथे १९१० मध्ये स्थापन झालेल्या वनोत्पाद प्रयोगशाळेने लाकडाच्या या गुणधर्मांच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक देण्यात मोठा वाटा उचलला.

ओलावा कमी झाला की लाकूड आकसते. परंतु सर्व दिशांनी सारखे नाही. रेषांच्या दिशेने होणारा संकोच नगण्य असतो. रेषांना आडव्या दिशेने तो पुष्कळ असतो. ओलावा सुमारे तीस टक्क्यांवरून पूर्णपणे नाहीसा झाला, तर कोआची फळी त्रिज्येच्या दिशेने सुमारे ५.५ टक्के आकसते, तर महोगनीची सुमारे ३ टक्के. या आकड्यांवरून एक ढोबळ हिशेब मांडता येतो. उकुलेलेच्या तबलीची सर्वांत रुंद जागी रुंदी १६ सेंटिमीटर धरली आणि ओलावा १२ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर उतरला असे मानले, तर कोआची तबली सुमारे २.२ मिलिमीटर, आणि महोगनीची सुमारे १.२ मिलिमीटर आकसू पाहील. ज्या फळीची जाडीच दोन मिलिमीटरांच्या आसपास असते, तिच्या दृष्टीने हा संकोच क्षुल्लक नव्हे.

तबली मोकळी असती तर ती आकसून स्वस्थ राहिली असती. पण तिच्या पोटाशी आडव्या आधारपट्ट्या सरसाने चिकटविलेल्या असतात. त्या पट्ट्यांच्या रेषा तबलीच्या रेषांशी काटकोनात असल्यामुळे पट्टी लांबीत आकसत नाही, आणि तबलीला रुंदीत आकसू देत नाही. या ओढाताणीत प्रथम तबलीचा सूक्ष्म उठाव बसतो व तारा पडद्यांना लागून खरखरू लागतात. पडद्यांची लाकडी पट्टी अरुंद होऊन धातूच्या पडद्यांची टोके बाहेर येतात व बोटांना बोचतात. घोडीखालचा किंवा पट्टीखालचा सरस सुटतो. आणि शेवटी तबली रेषेच्या बाजूने उकलते. कारागिराने सांधा कितीही कुशलतेने साधलेला असो, भौतिक नियमांपुढे त्याचा इलाज चालत नाही.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जुन्या कोआ-वाद्यांवर दिसणाऱ्या चिरा हा कच्च्या कारागिरीचा पुरावा समजण्याचा मोह सहज होतो. त्याच काळातील महोगनीची वाद्ये तुलनेने अखंड आढळली, की तो अधिकच बळावतो. परंतु दोन्ही लाकडांच्या संकोचात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. शिवाय एक वाद्य जेथे वाजणार होते त्यासारख्याच हवेत घडले होते, तर दुसरे हजारो मैलांवरील सागरी हवेत. तेव्हा होनोलुलूच्या निर्मात्यांच्या कौशल्याचे मूल्यमापन करण्यापूर्वी त्यांची वाद्ये पुढे कोणत्या घरांत राहिली, हे पाहणे न्याय्य ठरेल. काही वाद्यांत कारागिरीचे दोष असतीलही. पण केवळ चिरेवरून ते सिद्ध होत नाहीत.

४. हरपलेला इशारा

हवेतील ओलावा मोजण्याची साधने त्या काळी अज्ञात नव्हती. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी मानवी केसाच्या लांबीतील फरकावर आधारलेल्या आर्द्रतामापकाचे विवेचन १७८३ मध्येच प्रसिद्ध केले होते. उद्योगक्षेत्रातही आर्द्रतेचे महत्त्व ओळखले गेले होते. १९०२ मध्ये ब्रुकलिन येथील एका छापखान्यात कागद दमट हवेने फुगून रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. ही अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरियर यांनी जी योजना आखली, तिच्यापासून आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ मानला जातो. म्हणजे वातानुकूलनाचा उगम माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर कागदाच्या आर्द्रतेसाठी झाला. पण कारखान्यातील हे ज्ञान सामान्य वाद्यधारकाच्या पेटीपर्यंत पोहोचण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

तोपर्यंत वाद्यधारकाजवळ एक नैसर्गिक मापक होताच, आणि तो म्हणजे वाद्याची तार. प्रारंभीच्या उकुलेलेला आतड्याची तात लावीत. तात ही अत्यंत आर्द्रताग्राही असल्याने हवा बदलली की स्वर उतरे किंवा चढे, आणि प्रसंगी तात तुटे. ही नित्याची कटकट होती. पण तीच हवेच्या बदलाची वर्दीही होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा प्रचारात आल्या. त्यांच्यावर हवेचा परिणाम तुलनेने अल्प होत असल्याने वादकाची सोय झाली. परंतु लाकूड वाळू लागल्याची जी सूचना तात न बोलता देत असे, ती बंद झाली. तबली फाटेपर्यंत मालकाला काहीच न कळण्याची शक्यता यामुळे वाढली. साधनातील सुधारणा जतनाच्या दृष्टीने कशी दुधारी ठरू शकते, याचे हे एक उदाहरण होय.

याच काळात प्रश्नाला बगल देणारे एक उत्तरही पुढे आले. सेल्मर गिटारच्या रचनेमुळे ख्यातनाम झालेले मारियो माकाफेरी यांनी १९४९ मध्ये 'आयलंडर' हे संपूर्ण प्लास्टिकचे उकुलेले काढले. त्यास ओलाव्याची क्षिती नव्हती. पुढे आडव्या-उभ्या थरांच्या चिकट-फळीची वाद्येही मोठ्या प्रमाणावर निघाली; त्यांतील थर परस्परांचा संकोच रोखत असल्याने ती तडकण्याचा संभव कमी असतो. तथापि अखंड लाकडाच्या नादाची आवड टिकून राहिली, आणि तिच्याबरोबर जतनाचा प्रश्नही.

५. पेटीचे रूपांतर

पेटी ही मूळची वाहून नेण्याची व आघातापासून रक्षण करण्याची वस्तू. तिला लहानशा स्वतंत्र हवामानाचे स्वरूप देण्याची कल्पना नंतरची. या कल्पनेस संग्रहालयांच्या अनुभवाने मोठे बळ मिळाले. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे १९४१ पासून वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलविण्यात आली. तेथे तापमान १७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ४२ टक्के अशी स्थिर राखली होती. लाकडी फलकांवरील चित्रांचे रंग उकलण्याचा जो त्रास लंडनमध्ये नित्याचा होता, तो खाणीत जवळजवळ थांबला. आणि १९४५ मध्ये चित्रे परत आल्यावर पुन्हा सुरू झाला. आर्द्रतेच्या विशिष्ट आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्या स्थैर्याला महत्त्व आहे, हे यातून स्पष्ट झाले. याच गॅलरीतील शास्त्रज्ञ गॅरी टॉमसन यांनी पुढे बंद कपाटातील आर्द्रता किती काळ टिकते याचे गणित मांडले, आणि त्यांचा संग्रहालयीन वातावरणावरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

हेच तत्त्व उकुलेलेच्या पेटीला लावून पाहता एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. पेटीतील मोकळ्या हवेचे आकारमान दहा लिटर धरल्यास, २१ अंशांना व ५० टक्के आर्द्रतेस त्या हवेत सुमारे ०.०९ ग्रॅम एवढेच पाणी असते. उलट साडेतीनशे ग्रॅम वजनाच्या उकुलेलेच्या लाकडातील ओलावा ४.५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणावयाचा तर सुमारे पंधरा ग्रॅम पाणी लागते. म्हणजे पेटीतील हवा ही लाकडाला ओलावा पुरवीत नाही. लाकूडच हवेला पुरविते. पेटी घट्ट असेल तर आतील वाद्य आपल्या भोवतीची आर्द्रता स्वतः सांभाळते. पेटीच्या फटींतून होणारी गळती तेवढी त्याच्या मुळावर येते. पेटीतील आर्द्रकाचे खरे कार्य ही गळती भरून काढणे हे होय. वाळलेल्या वाद्यास पूर्ववत् करणे हे त्याचे दुसरे कार्य. आणि त्यास दिवस नव्हे, आठवडे लागू शकतात. आर्द्रक ठेवूनही पेटी उघडी टाकणाऱ्याचा खटाटोप व्यर्थ का जातो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

उपायांचा क्रम साधारणतः असा दिसतो. आरंभी भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवण्यासारख्या घरगुती युक्त्या होत्या. त्यानंतर छिद्रे असलेल्या रबरी नळीत स्पंज भरून ती नादरंध्रातून वाद्याच्या पोटात सोडण्याची पद्धत रूढ झाली. या दोहोंत एक उणीव समान आहे. ओला स्पंज वाळेपर्यंत ओलावा देतच राहतो; किती पुरे, हे तो जाणत नाही. घट्ट पेटीत त्याचा अतिरेक झाल्यास लाकूड फुगते, तबली वर उचलली जाते, सरस मऊ पडतो आणि अस्तराला बुरशी धरते. पाण्याचा थेंब थेट लाकडावर पडला तर डाग व फुगवटा वेगळाच.

ही उणीव दूर करणारे तत्त्व रसायनशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ज्ञात होते. क्षाराचे संपृक्त द्रावण बंद जागेत ठेवले असता त्यावरील हवेची आर्द्रता विशिष्ट प्रमाणावर स्थिर होते : नेहमीच्या मिठाच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के, मॅग्नेशियम नायट्रेटच्या बाबतीत सुमारे ५३, पोटॅशियम कार्बोनेटच्या बाबतीत सुमारे ४३, आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या बाबतीत सुमारे ३३ टक्के. हवा याहून कोरडी झाली तर द्रावण बाष्प सोडते. दमट झाली तर शोषून घेते. १९७७ मध्ये लुइस ग्रीनस्पॅन यांनी या स्थिर बिंदूंची पद्धतशीर कोष्टके प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस या तत्त्वावरील, बाष्प जाऊ देणाऱ्या पण द्रव अडवून धरणाऱ्या आवरणाच्या पुड्या बाजारात आल्या. लाकडी वाद्यांसाठी त्यांचा बिंदू साधारणतः ४९ टक्क्यांच्या आसपास राखलेला असतो. अनेक वाद्यनिर्मात्यांनी शिफारस केलेल्या ४५ ते ५५ टक्के या मर्यादेच्या तो मध्यभागी येतो. देणे आणि घेणे ही दोन्ही कामे एकाच साधनाकडून होऊ लागल्याने पेटी खऱ्या अर्थाने नियमित हवामानाची जागा बनली.

हे उभयविध नियमन केवळ शीत देशांपुरते उपयुक्त आहे असे नाही. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि तेवढ्या आर्द्रतेस लाकडातील समतोल ओलावा सोळा टक्क्यांपर्यंत जातो. कोकणपट्टीत पावसाळ्यात उकुलेलेच्या पेटीत ओला स्पंज ठेवणे म्हणजे रोगाला औषध समजण्यासारखे आहे. तेथे प्रश्न ओलावा काढून घेण्याचा असतो. तेच वाद्य उन्हाळ्यात सोलापूरकडे नेले, तर प्रश्न उलट होतो. पेटीत एखादा लहान आर्द्रतामापक ठेवून त्यावरून निर्णय करणे, हा नियम दोन्ही ठिकाणी सारखाच लागू पडतो.

६. समारोप

या विवेचनाचे तात्पर्य असे सांगता येईल. उकुलेले हे सागरी बेटांच्या हवेतून घडलेले वाद्य होते. १९१५ नंतरच्या लोकप्रियतेने त्याला तापविलेल्या खंडीय घरांत नेले. तेथील कोरडेपणाने त्याची फळी फाटली. आणि या अनुभवातूनच जतनाची साधने क्रमाक्रमाने सुधारली. या क्रमात प्रत्येक पायरीला भौतिक कारण आहे आणि ते मोजता येते. म्हणून जुन्या वाद्याच्या अभ्यासात लाकूड, घडण व मुद्रा यांच्याबरोबरच त्याच्या निवासाचा इतिहासही नोंदविला गेला पाहिजे : ते कोणत्या प्रदेशात राहिले, घर तापविलेले होते काय, पेटी मूळची आहे काय, आणि तारा केव्हा बदलल्या. या नोंदी उपलब्ध असतील तर तबलीवरील चीर ही केवळ दोष न राहता इतिहासाचे साधन ठरते. त्या नसतील, तर ज्या हवेचा अपराध असेल त्याचे माप कारागिराच्या पदरात पडत राहील.